तीन पायऱ्यांचं समीकरण

भिलाईत मी बावीस वर्षं अकरावीला गणित शिकवतोय आणि रेषेचा चढ काढताना माझं आजवर एकदाही चुकलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे असं काही सांगण्यासारखं फारसं येणार नाही.

आमच्या शाळेत सगळं हिंदीत चालतं. रेषेच्या तिरपेपणाला हिंदीत ढाल म्हणतात. मराठी पुस्तकात त्यालाच चढ म्हणतात, असं अमरावतीच्या मामेभावाने मला एकदा सांगितलं. म्हणजे तीच रेषा महाराष्ट्रात चढते आणि आमच्या छत्तीसगडात आली की उतरायला लागते. अंतःखंड मात्र दोन्हीकडे अंतःखंडच. रेषा उभ्या अक्षाला जिथे कापते ती उंची. y = mx + c असं लिहायचं, m म्हणजे चढ आणि c म्हणजे ती उंची, की झालं. पोरं हे घडाघडा म्हणतात. भिलाईत मूल धड चालायला लागायच्या आत आईबाप कोचिंगची चौकशी करून येतात, तिथे या सूत्राचं काय कौतुक!

तर झालं असं, की गेल्या वर्षी आई मोरीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने व्हीलचेअर, मग वॉकर, मग बघू. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि त्यानंतर चार वर्षांनी गेले. तेव्हापासून ती माझ्याकडे, पावर हाउसच्या मागच्या वस्तीतल्या आमच्या घरी असते. महिनाभर ती खोलीत पडून होती, दुखण्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. पण पाचव्या रविवारी सकाळी म्हणाली, "मले विहारात जायचं हाये."

विहार आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. दर रविवारी वंदना असते आणि आईचा एकही रविवार चुकत नसे. पण घराला समोर तीन पायऱ्या. खुर्चीसकट तिला उचलून उतरवायला मी, शेजारचे एक गृहस्थ आणि त्यांचा भाऊ असे तिघे लागलो. परत येताना पुन्हा तिघे. वरती पोचल्यावर आई म्हणाली, "अशी तर मयतच उचलते बाप्पा. मी नाही जात आता." आणि तिने तोंड फिरवलं.

त्या दुपारी मी ठरवलं की घरासमोर उतार बांधायचा. म्हणजे रॅम्प. बायको म्हणाली, "कोणाला तरी विचारा आधी."

"कोणाला?" मी म्हटलं. "मी काय शिकवतो बावीस वर्षं?"

ती गप्प बसली. माझी बायको जेव्हा गप्प बसते तेव्हा तिच्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ असतं, हे मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

मी टेप घेऊन मोजलं. तीन पायऱ्या, प्रत्येक आठ इंच, म्हणजे व्हरांड्याची उंची चोवीस इंच. व्हरांड्याच्या कडेपासून छोट्या फाटकापर्यंत अंगण आठ फूट, म्हणजे शहाण्णव इंच. इतकी स्वच्छ माहिती परीक्षेतही कोणी देत नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर घर काढलं, व्हरांडा काढला, उभा अक्ष, आडवा अक्ष, सगळं. अंतःखंड चोवीस. शहाण्णववर उंची शून्य. चढ किती?

पहिल्या बाकावरच्या मुलीने मी खडू खाली ठेवायच्या आत उत्तर दिलं, "माइनस वन बाय फोर, सर."

उणे एक छेद चार. केवढं सुबक उत्तर! काही उरत नाही, काही कापावं लागत नाही. मी वर्गाला सांगितलं की हा प्रत्यक्ष जीवनातला प्रश्न आहे, सरांच्या घरी असा उतार बनणार आहे, गणित असं जगण्याच्या उपयोगी पडतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या तिरप्या उतारावरून माणसाला जाता येईल का, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याला म्हणालो असतो की हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.

मिस्त्री आमच्याच भागातला, छत्तीसगडी माणूस, पन्नाशीचा. मी त्याला आलेख-कागदावर काढलेली रेषा दिली. त्याने कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, मग खिशात ठेवून व्हरांड्याच्या कडेला उभा राहिला आणि फाटकाकडे बघत म्हणाला, "जादा खड़ा हो जाही, गुरुजी." म्हणजे फार तिरपं होईल.

"हिसाब किया है मैंने," मी म्हटलं.

"हव," तो म्हणाला. छत्तीसगडीत हव म्हणजे हो. पण त्याने ते ज्या सुरात म्हटलं त्या सुरात मी स्वतः शाळेत प्राचार्यांना हो म्हणतो, तेव्हा मला अर्थ कळायला हवा होता.

दोन दिवसांत उतार तयार झाला. जामुलचा सिमेंट कारखाना आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्याकडे सिमेंट ओतताना कोणाचा हात आखडत नाही. वरून तो मी मिस्त्रीला घोटून घोटून काचेसारखा गुळगुळीत करायला लावला, कारण एवढ्या शास्त्रशुद्ध रेषेला खडबडीत पृष्ठभाग शोभला नसता. दहा दिवस आम्ही त्यावर पाणी मारलं. येणारेजाणारे थांबून बघत. एकाने विचारलं की मोटारसायकल चढवायला केलंय का. आई खिडकीतून रोज बघायची. एकदा तिने विचारलं, "यावरून मले नेशीन?"

"हो मग. तुझ्यासाठीच तर केला."

"अस्सं," ती म्हणाली.

रविवार उजाडला. आईने पांढरी साडी नेसली, केस विंचरून घेतले, मांडीवर फुलांची पिशवी ठेवली. बायकोने सकाळी सवयीने उतारावर पाणी मारलेलं होतं. मी पायात रबरी चपला घातल्या होत्या. आईच्या खुर्चीचे दोन्ही दांडे मागून धरले आणि खुर्ची व्हरांड्याच्या कडेवरून पुढे नेली.

पहिला फूटभर बरा गेला. मग खुर्चीने मला ओढायला सुरुवात केली. मी मागे जोर लावला तर माझेच पाय पुढे सरकायला लागले, जसं काही आम्ही दोघंही निघालोय आणि खुर्ची वाट दाखवतेय. "थांबव ना!" आई म्हणाली. मी "थांब थांब" म्हणालो, कोणाला ते माहीत नाही. फाटक उघडं होतं, ती त्यातल्या त्यात बरी गोष्ट. मी सपशेल पाठीवर पडलो, दांडे हातातून सुटले, आणि माझी आई फाटकातून बाहेर, गल्ली ओलांडून समोर पडलेल्या रेतीच्या ढिगात जाऊन शिरली. माझ्याच कामाची उरलेली रेती. आठवडाभर शेजारी सांगत होते की उचला, आणि मी उचलत नव्हतो. माझ्या आळसाने त्या दिवशी माझ्या हुशारीपेक्षा चांगलं काम केलं.

मी धावत गेलो. खुर्चीची पुढची चाकं रेतीत रुतली होती, आई खुर्चीतच होती, पदर डोक्यावरून घसरलेला, फुलं सगळीकडे. तिला लागलं नव्हतं. छातीवर हात ठेवून तिने दोन-तीन श्वास घेतले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू पोराइले हेच शिकवतं?" ती म्हणाली.

गल्लीत तोवर पंधराएक माणसं जमली होती. मला वाटलं होतं कोणी हसणार नाही. सगळे हसले. बायको व्हरांड्यात उभी होती, तोंडावर हात ठेवून. भीतीने की कशाने, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. माझी पाठ चांगलीच सोलली होती आणि त्याबद्दल मला कोणी काही विचारलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

तिला पुन्हा तिघांनी उचलून घरात आणलं. डॉक्टरकडे नेऊन फोटो काढला. हाड जागेवर होतं. संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेलो. माफी मागायची होती, पण आम्हा मास्तर लोकांना माफी मागताही येत नाही, आम्ही कारण समजावून सांगतो. मी म्हटलं, "आई, हिशेब बरोबर होता. पाणी होतं म्हणून घसरलं."

"हिशेब कोणता?"

मी सांगितलं. चोवीस इंच उंची, आठ फूट अंगण. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तिप्पट जागा पायजे. माणूस डोक्यावर घमेलं घेऊन चढते थो उतार वेगळा, अन् चाकाच्या गाडीचा वेगळा. माणसाले अंगठे रोवता येते. चाकाले अंगठे असते का?"



इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी स्टाफरूममध्ये सांगत नाही. तिथे मी सांगतो की माझे वडील प्लांटमध्ये होते, माझं बालपण नंदिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं, चुन्याच्या दगडाच्या खाणी जवळ होत्या. हे सगळं खरं आहे. पण बाबा पर्मनंट व्हायच्या आधी सात-आठ वर्षं आई रेजा होती. रेजा म्हणजे बांधकामावर मजुरी करणारी बाई. भंडाऱ्याहून लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच महिन्यात डोक्यावर चुंबळ ठेवून कामाला लागली. प्लांटची माणसं ज्या क्वार्टरांत राहायला गेली, त्यातल्या कितीतरी भिंतींची वीट तिच्या डोक्यावरून वर गेली होती. मला हे माहीत होतं, जसं आपल्याला आपल्या रक्ताचा गट माहीत असतो. त्याबद्दल तिला काही विचारावं असं पन्नास वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

"किती पाहिजे मग?" मी विचारलं.

"हातभर उंचीले बारा हात लांबी. ढकलगाडीले आमी तेवढीच ठेवत होतो. मुकादम कमी करे, लाकडं वाचावाले. मग गाडी घेऊन उतरनारी बाई पडे, अन् थो म्हने, पाय पाहून नाही ठेवत." ती जराशी थांबली. "एक बाई पडली होती माह्यासोबतची. पोटुशी होती."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी आमी सगळ्या बायांनं फळ्या सोडल्या अन् लांब करून बांधल्या. मुकादम वरडला, वरडू दिला." एवढं बोलून तिने पाणी मागितलं.

मी पाणी दिलं आणि बाहेर येऊन पुन्हा हिशेब केला. चोवीस इंचाला बारापट म्हणजे चोवीस फूट. आमच्या अंगणात आठ. माझ्या मते विषय संपला होता. मी परत जाऊन तसं सांगितलं, "आई, जागाच नाही."

"मग उंची कमी कर."

"उंची कशी कमी करणार? घर आहे ते."

बावीस वर्षं मी पोरांना सांगत आलोय की c दिलेला असतो. तो बदलायचा नसतो, तो शोधायचा आणि त्याखाली दोन रेघा मारायच्या असतात. दारात उभी असलेली माझी बायको तेव्हा बोलली. "स्वयंपाकघराच्या बाहेर भांडी घासायचा ओटा आहे ना, तिकडे दोनच पायऱ्या आहेत. तिकडची जमीन उंच आहे. रोज उतरते मी."

घराच्या त्या बाजूने मोठ्या फाटकापर्यंत सरळ पट्टा आहे, वीस फुटांचा. तिथे मी माझी गाडी ठेवतो. कव्हर घालून. गेली सहा वर्षं मी त्या बाजूने घराकडे पाहिलं होतं ते गाडी सावलीत आहे की नाही एवढंच बघायला. त्या घरात मी अठरा वर्षं राहतोय, आणि माझ्याच स्वयंपाकघराबाहेर किती पायऱ्या आहेत हे मला माहीत नव्हतं.

"गाडी कुठे ठेवू?" मी विचारलं.

सासू आणि सून दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी गाडीची किल्ली शोधायला गेलो.

सकाळी आईची खुर्ची स्वयंपाकघरातून ओट्यावर नेली. तिने मला खाली उभं केलं आणि ओट्याची उंची हाताने मोजायला लावली, कोपरापासून बोटांपर्यंत. "हाताले तीन बोटं कमी," मी म्हटलं. टेपने बघितलं तर सोळा इंच भरले. "तरी पुरे बारा हात धर," ती म्हणाली. "ऐसपैस होईन. अन् घोटू नोको. फड्यानं रेघा मार." फडा म्हणजे आमच्याकडचा खराटा. ओल्या सिमेंटवर खराटा आडवा ओढला की बारीक खाचा पडतात.

मी मनातल्या मनात चढ काढलाच. बारा हात म्हणजे अठरा फूट, दोनशे सोळा इंच. सोळा भागिले दोनशे सोळा. उणे दोन छेद सत्तावीस. असं उत्तर परीक्षेत आलं असतं, तर पोरांनी आपलंच काहीतरी चुकलं असं समजून खोडलं असतं आणि मीही त्यांना तेच सांगितलं असतं.

मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. आधी त्याला स्वतःच्याच हाताने केलेलं जुनं काम फोडायचं होतं. तो छिन्नी लावून बसला, दोन घाव घातले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मैं त कहे रेहेंव, गुरुजी." आपण सांगितलं होतं, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मी कागद आणला नाही या वेळी. आई ओट्यावर खुर्चीत बसून बघत होती आणि तो थेट तिलाच विचारत होता. ती हिंदी, मराठी आणि छत्तीसगडी अशा मिश्रणात उत्तरं देत होती. मधेच एकदा ती "थांब" म्हणाली, मला खाली उतरवलं आणि उताराच्या मध्यावर हाताने चाचपायला लावलं. तिथे पोट आलं होतं, म्हणजे अर्ध्या इंचाचा फुगवटा. मला डोळ्यांनी दिसला नसता. तिला तो दहा फुटांवरून दिसला. मिस्त्रीने तेवढा भाग खरवडला आणि मग म्हणाला, "दाई, तैं काम करे हस का?" तू हे काम केलंयस का?

"आठ बरस," आई म्हणाली. आमच्या शाळेतले लोक ज्या आवाजात आपली पदवी सांगतात, त्याच आवाजात.

पुढच्या रविवारी तिला त्या उतारावरून मी एकट्याने नेलं. मी पावलागणिक अंगठे रोवत होतो. तिचे हात मांडीवर होते, तिने बाजूचे दांडेसुद्धा धरले नाहीत. खाली पोचल्यावर मी सुस्कारा टाकला तेव्हा ती म्हणाली, "चाल ना, वंदना सुरू झाली अशीन." विहारात बायकांनी तिला मधे बसवून घेतलं. मी मागे बसलो. रेतीच्या ढिगाची गोष्ट माझ्याआधीच तिथे पोचलेली होती, आणि दरवेळी सांगताना गल्ली थोडी रुंद होत होती.

सोमवारी शाळेत मी वर्गाला सांगितलं की मागचं उत्तर बरोबर होतं पण उतार तोडावा लागला. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "तो सर, मार्क्स कटेंगे?" मी नाही म्हटलं. तिने वही मिटली. तिच्या दृष्टीने प्रकरण संपलं. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता, तिला घडवलं कोणी ते मला माहीत आहे. मग मी फळ्यावर ओटा काढला, उंची सोळा लिहिली आणि विचारलं की उतार एक छेद बारापेक्षा तिरपा होऊ द्यायचा नसेल तर निदान किती लांबी लागेल. मागून एकाने विचारलं की असा प्रश्न परीक्षेत येतो का. मी खरं ते सांगितलं.

तीन महिन्यांनी आई वॉकरवर आली आणि नंतर नुसत्या काठीवर. आता ती पुढच्या तीन पायऱ्याच उतरते, कठडा धरून, कारण तिकडून विहार जवळ पडतो. उतारावरून बायको गॅसचा सिलिंडर लोळवत आणते आणि दर वेळी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणते की या घरात इतक्या कामाची वस्तू दुसरी नाही. माझी गाडी रस्त्यावर असते. तिच्या टपावर गल्लीतली मांजरं झोपतात.

मागच्या महिन्यात विहारातल्या एक बाई घरी आल्या. त्यांच्या नवऱ्याला अर्धांगवायू झालाय, खुर्ची आणली आहे आणि घराला चार पायऱ्या आहेत. मी पुढे होऊन म्हटलं, "बसा ना. मी गणिताचा शिक्षक आहे."

"हो, ऐकलं आमी," त्या म्हणाल्या. "आई हायेत का घरी?"

आई काठी घेऊन निघाली. मला म्हणाली, सुतळी घे. त्यांच्या घरी जाऊन तिने आधी मागचं दार बघितलं, बाजूची गल्ली बघितली, जमीन कुठे उंच आहे ते काठी टेकवत टेकवत पाहिलं आणि मला सुतळीचं एक टोक धरून खाली बसायला सांगितलं. मी बसलो. ऊन चांगलंच होतं.

"ताणून धर," ती म्हणाली. "झोल पडून राहिला."

मी ताणून धरलं.